तापल्या विटांवरचा हुकूम

कमांडरसाहेब गेल्याचं त्यांच्या मुलाने फोनवर सांगितलं. "अंकल, डॅड पास्ड अवे धिस मॉर्निंग," एवढं बोलून त्याने फोन आईकडे दिला. वहिनी रडत नव्हत्या. म्हणाल्या, "मुकादम, पेपरच्या पुरवणीवाले लेख मागतायत. तुम्हीच लिहा. एका जहाजावरचे तुम्ही दोघं... चार चांगले शब्द लिहा." मी हो म्हणालो. मेलेल्या माणसाचं वाईट बोलू नये, हे मलाही शिकवलेलं आहे. पण महिना उलटून गेला आणि चार चांगले शब्द काही सापडले नाहीत. जे सापडले ते लिहितो. नाव लिहीत नाही, तेवढी वहिनींची भीड आहे. त्यांना हे आधी वाचून दाखवलं. त्या उठून आत गेल्या, पण छापू नका असं म्हणाल्या नाहीत.

बहारीनमधल्या मराठी माणसांना कमांडरसाहेब ठाऊक आहेत ते त्यांच्या गोष्टींमुळे. रिफा भागातल्या त्यांच्या घरी दर शुक्रवारी जेवणं असत. मुंबईपुण्याहून नवा आलेला कोणी इंजिनिअर, कोणी बँकवाला हटकून असे, आणि जेवण झालं की साहेब आपल्या विनाशिकेच्या, त्या जुन्या युद्धनौकेच्या, गोष्टीवर येत. गोष्ट ते झकास सांगत, हे मी नाकारणार नाही. दुसरं महायुद्ध ऐन भरात असताना इंग्रजांनी ही जहाजं घाईघाईने बांधली. एकच धुराडं, दोन बॉयलर, पुढेमागे तोफा, आणि वेग असा की मागे पाण्याची भिंत उभी राहायची. आधीच्या विनाशिकांमध्ये अधिकाऱ्यांच्या खोल्या मागच्या टोकाला असत. वादळात उघड्या डेकवरून जहाज चालवायचा ब्रिज गाठताना माणूस वाहून जायचा. या वर्गाच्या जहाजांत त्या खोल्या पुढे आणल्या. मालवाहू जहाजांच्या तांड्यांना सोबत करत ही जहाजं उत्तरेच्या बर्फातही गेली आणि आपल्या हिंदी महासागरातही आली. लढाई संपल्यावर त्यांतली तीन आपल्या वाट्याला आली, आणि चांगली पंचवीसेक वर्षं राबून भंगारात गेली. हे सगळं खरं. त्यांतल्या आमच्या जहाजाने आम्हाला कधी दगा दिला नाही. खोल्या पुढे आणल्याने अधिकाऱ्यांचे पाय कोरडे राहिले, खाली भट्टीपुढे उभे राहणारे आम्ही होतो तिथेच होतो.

साठच्या दशकात मी त्या जहाजाच्या बॉयलर रूममध्ये होतो. साहेब तेव्हा लेफ्टनंट, इंजिनांचे अधिकारी. माझ्या शेजारी रज्जाक होता, रत्नागिरीकडचा, माझ्याच गावचा. नुकतं लग्न झालेलं. तेलाच्या भट्टीचा एक नियम स्टोकरला, म्हणजे भट्टी सांभाळणाऱ्याला, पहिल्या दिवशी शिकवतात. बर्नर विझला तर आधी तेल बंद करायचं, पंख्याची हवा सोडून भट्टी साफ करायची, आणि मगच पेटता पलिता आत घालून बर्नर लावायचा. भट्टीतल्या विटा लाल तापलेल्या असतात. नुसतं तेल सोडलं तरी त्यांच्यावर ते पेटतं, वेळ वाचतो. पण आधी साचलेलं तेल असेल तर सगळी आग उलटी तोंडावर येते. त्या दिवशी शेजारून आमचंच जुळं जहाज पळत होतं आणि मोठे साहेब बघत होते. बर्नर विझला, वेग पडायला लागला. रज्जाक पलित्याकडे वळला. लेफ्टनंटसाहेब ओरडले, "पलिता राहू दे, विटांवर लाव." रज्जाकने एकदा माझ्याकडे बघितलं आणि तेल सोडलं.

माझा उजवा हात कोपरापर्यंत भाजला. रज्जाक दोन दिवस जगला. चौकशीत साहेबांनी सांगितलं की स्टोकरने आपल्या मनाने घाई केली. मी काय ते सांगितलं, पण मी त्याचा गाववाला, माझं कोण ऐकणार? गावी गेलो तर रज्जाकच्या बायकोने, सकीनाभाभीनेही ऐकलं नाही. लोक तिच्या तोंडावर म्हणत होते, तुझ्या नवऱ्याने स्वतःचाही जीव घालवला आणि दुसऱ्यालाही भाजलं. ती मला म्हणाली, "तू त्याचा दोस्त. तू असाच बोलणार. सायबाच्या तोंडून येल तवा खरा."

पुढे मी नौदल सोडलं आणि इथे जहाज दुरुस्तीच्या गोदीत लागलो. नव्वदनंतर साहेबही एका शिपिंग कंपनीत मॅनेजर होऊन आले. मला बघून आधी चपापले, मग मिठी मारली. मीही मारली. "येत जा रे शुक्रवारी," म्हणाले, आणि मी एकही शुक्रवार चुकवला नाही. लोकांना वाटे काय ही जुनी दोस्ती. मी जात होतो तो सूड घ्यायला. गोष्ट रंगात आली की मी म्हणायचो, "सर, ते बॉयलर रूमचं सांगा ना, यांनी ऐकलेलं नाही." मग त्यांना सांगावंच लागे, "एका स्टोकरने घाई केली..." आणि मी त्याच भाजलेल्या हाताने त्यांच्यापुढे पापलेटची ताटली सरकवायचो. पहिल्या वर्षी ते सगळं रंगवून सांगत. मग एकाच वाक्यात उरकायला लागले. मग माझ्याकडे न बघता. एकदा झल्लाकच्या किनाऱ्यावर इथल्या मराठी मंडळाची सहल होती, तिथे मी पोराबाळांसमोर तेच विचारलं, तर ते उठून पाण्याकडे चालत गेले. वहिनी म्हणाल्या, "यांना हल्ली बरं वाटत नाही." मला मात्र त्या दिवशी फार बरं वाटलं. जेवण गोड लागलं.

मग त्यांची फुफ्फुसं गेली. हॉस्पिटलने घरी पाठवलं तेव्हा मी शुक्रवारी नेहमीसारखा गेलो. खोलीत आम्ही दोघंच. ते म्हणाले, "मुकादम, किती छळशील? माफ कर आता."

"मी कोण माफ करणारा, सर? फोन लावू?"

त्यांना कुठे ते विचारावं लागलं नाही. त्यांनी डोळे मिटले आणि होकाराची मान हलवली. जुम्म्याची नमाज होऊन गावात माणसं घरी आलेली असणार, हे मला ठाऊक होतं. मी नंबर फिरवला, भाभीला कोण बोलतंय ते सांगितलं आणि रिसीव्हर त्यांच्या कानाला धरला. तिचा आवाज मला स्वच्छ ऐकू येत होता.

"तुमच्या नवऱ्याची चूक नव्हती," साहेब म्हणाले. "हुकूम माझा होता."

"नाय ऐकू येत, सायब. जोरात बोला. घरात मानसा बसलीत."

त्यांना धाप लागली होती. तरी ते उशीवरून उठले आणि बॉयलर रूममध्ये ओरडायचे तसे ओरडले, "हुकूम माझा होता! स्टोकरने माझं ऐकलं!"

"कंचा स्टोकर? नाव घ्या त्याचा."

साहेबांनी माझ्याकडे बघितलं. इतक्या शुक्रवारांत मी त्यांच्या तोंडून 'एक स्टोकर' एवढंच ऐकलं होतं. मला वाटलं, विसरले असतील. मी नाव पुरवणार नव्हतो.

"रज्जाक," ते म्हणाले. "रज्जाक इस्माईल परकार."

बापाच्या नावासकट, एका दमात, कुठेही न अडखळता. म्हणजे नाव त्यांना पहिल्यापासून पाठ होतं. बाकी सगळं त्या दिवशी फिटलं असं मी म्हणेन, पण हे नाही. हे मी माफ करणार नाही.