उलटी पळी

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. नवऱ्याला नाही, बाळापूरला माझ्या आईला नाही, देवापुढेही नाही — आणि देव तर तेव्हा समोरच मांडलेला होता. आज का सांगते आहे? खरंच माहीत नाही.

सासूबाई वाईट नव्हत्या, हे आधीच सांगते. वाईट असत्या तर सांगणं सोपं गेलं असतं.

अमरावतीला आमच्या घरी भाद्रपदात महालक्ष्म्या बसतात. सोळा भाज्या, पुरण, कढी. नैवेद्य दाखवेपर्यंत कशाचीही चव घ्यायची नाही. जिभेला थेंब लागला की ते उष्टं. म्हणजे मीठ हाताच्या अंदाजानेच. आणि आमच्याकडे हात एकच — सासूबाईंचा. मीठ टाकून झालं की त्या झाकणावर पळी उलटी ठेवायच्या. पळी उलटी म्हणजे मीठ झालं, आता कुणी टाकू नका. चौदा वर्षं मी त्या पळीच्या हुकमात वागले. माझ्या स्वयंपाकाला घरात नाव नव्हतं. 'तुह्या हाताले अंदाज नाही वं,' असं त्या हसत म्हणायच्या. मी पण हसायची. आतून जळायची.

त्या वर्षी त्या मुखवट्यांना साडी नेसवायला गेल्या आणि कढीकडे लक्ष ठेव म्हणाल्या. कढी वर यायला लागली तशी मी झाकणावरची उलटी पळी उचलली, झाकण काढलं, तिनेच ढवळलं, पळी ओट्यावर ठेवली. तेवढ्यात नवऱ्याचा बडनेऱ्याहून फोन आला, ड्युटी लांबली म्हणून. बोलून वळले तर कढीवर पळी नाही. पळी नाही म्हणजे मीठ नाही! ती पळी ओट्यावर, माझ्या कोपरापाशी होती, अजून ओली. मी तिच्याकडे पाहत होते — आणि मला ती दिसत नव्हती. असं होतं का? झालं. मी मूठभर मीठ टाकलं. खोटं कशाला बोलू, टाकताना बरं वाटलं. आज कढी माझ्या हातची.

पंगत बसली. अकोल्याच्या नणंदेने पहिला भुरका मारला आणि वाटी बाजूला सरकवली. आईचं वय झालं आता, असं ती हसत म्हणाली. तेव्हा आठवली मला ती पळी. तेव्हाच बोलायला हवं होतं. नाही बोलले.

सासूबाई माझ्याजवळ आल्या. हळूच विचारलं, "मी मीठ टाकून पळी उलटी ठेवली होती ना वं? तू पाह्यली असशीन."

मी म्हटलं, "नाही आई, पळी नव्हती. तुमीच दोनदा टाकलं. मी पाह्यलं."

हे 'मी पाह्यलं' कुठून आलं माझ्या तोंडात? नुसती गप्प बसले असते तरी त्यांचं निभावलं असतं, चूक कुणाचीही होते म्हणून त्या विसरल्या असत्या. पण मी पाहिलं म्हटल्यावर त्या काय करणार? त्या आपल्या उजव्या हाताकडे बघत उभ्या राहिल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी मला विचारलं, गॅस बंद केला का मी? मग कुलूप लावलं का. मग औषध घेतलं का. प्रत्येक गोष्ट स्वतः करायच्या आणि मला येऊन विचारायच्या. नणंदेने अकोल्याच्या डॉक्टरला दाखवलं; तपासण्यांत फारसं काही निघालं नाही, वयामुळे असेल म्हणाले, गोळ्या दिल्या. पुढच्या महालक्ष्म्यांना त्या स्वयंपाकघरात आल्याच नाहीत. सापही मेला आणि काठीही तुटली नाही. लोक माझी कढी वाखाणू लागले, आणि मला ते आवडलं.

विसरणं पुढेमागे येणारच होतं, असं मी स्वतःला पुष्कळ समजावलं. पण त्या दिवशी त्या काहीच विसरल्या नव्हत्या. घरभर माणसं होती, आणि खरं तेवढं त्यांनाच आठवत होतं. ते मी त्यांच्याकडून काढून घेतलं.

आता दुपार झाली का, हेही त्या मला विचारतात. खिडकीत ऊन असतं, तरी विचारतात. मी हो म्हटलं की त्यांना ऊन दिसतं.

परवा मी वांग्याच्या भाजीत मीठ विसरले. त्यांनी पहिला घास तोंडात घेतला, चघळता चघळता थांबल्या आणि माझ्याकडे पाहिलं.

"यात मीठ हाय काय वं?"

मी म्हटलं, हाय.

त्यांनी मान हलवली, घास गिळला आणि ताटातली सगळी भाजी संपवली.