नळाची समजूत काढणारा
माणसांशी बोलायचं म्हटलं की या प्लंबरच्या तोंडात मिठाची गुळणी. गिऱ्हाइकाने विचारलं, "काय झालंय हो?" तर उत्तर, "बघतो." काम उरकलं की, "झालं." संपलं भाषण! पण तोच माणूस सिंकखाली डोकं घालायचा अवकाश, स्वारीचं तोंड सुरू. "ये रे राजा, ये. कोणी छळलं तुला एवढं? हां... अजून जरा. अजून जरा. आता रुसायचं नाही हं." हे सगळं नळाशी बरं का! म्हणून तर सगळ्या गल्लीने त्याला पुटपुट्या नाव ठेवलं होतं, आणि त्याच्या बायकोला ते नाव अजिबात खपत नसे.

अलीकडे मात्र तिला नावापेक्षा मोठी काळजी लागली होती. फोनच वाजेनासा झाला होता. लोक आता मोबाईलवर बोट फिरवून प्लंबर शोधायचे, आणि तिथे इस्त्रीचे शर्ट घातलेली, गोड हसणारी मंडळी रांगेने उभी. "यांच्या नखात तरी कधी घाण गेली असेल का?" ती चडफडायची. "अहो, आपणही टाकू ना एखादा व्हिडिओ. काम येईल." एकदा तिने त्याला बळंबळं भिंतीपुढे उभं केलं आणि म्हणाली, "बोला, मी नळाची सगळी कामं करतो." तो घामाघूम होऊन कॅमेऱ्याकडे बघत राहिला आणि शेवटी म्हणाला, "झालं?"

मग बाईसाहेबांनी एक उद्योग केला. घरच्याच बाथरूमचा नळ गळत होता. तो दुरुस्तीला बसला तेव्हा दाराआडून गुपचूप शूटिंग केलं आणि वर लिहिलं, "रुसलेल्या नळाची समजूत काढणारा प्लंबर." दिलं टाकून! लोकांना तो व्हिडिओ असा काही आवडला की विचारू नका. ज्याने त्याने पुढे पाठवला, आणि मुका झालेला फोन पुन्हा वाजायला लागला. ती हरखून गेली.

तो मात्र एका गिऱ्हाइकाच्या मोबाईलवर स्वतःला बघून घरी आला आणि पायरीवरच बसला.

"लोक हसतायत मला."

"अहो, कौतुक करतायत!"

"तू विचारलं नाहीस मला."

"विचारलं असतं तर हो म्हणाला असतात का?" तिने ताडकन उत्तर दिलं. तो उठून हातपाय धुवायला गेला. तिला वाटलं, मिटलं एकदाचं.

कसलं मिटतंय! पुढचं काम एका नव्या घरात होतं. स्वच्छ पांढरं स्वयंपाकघर, ओट्याखालच्या भिंतीतला गळणारा कॉक आवळायचा. काम तसं डाव्या हाताचं. शूटिंगसाठी बायको बरोबर होतीच, शिवाय घरच्या ताई आणि त्यांच्या सासूबाई दोघी आपापले मोबाईल वर धरून तयार. "काका, बोला ना त्याच्याशी!" ताई लाडात म्हणाल्या. त्याने ओठ घट्ट मिटले. पाना लावला आणि फिरवत राहिला. बायको बघत होती. कुठेतरी चुकत होतं, पण काय ते कळेना. तो फिरवतच राहिला, आणि भिंतीत कट् असा आवाज आला. आतला प्लास्टिकचा जोड फुटला. पाण्याची धार थेट त्याच्या छातीवर.

"थांबा, थांबा, हे पण घेते!" ताई हसत म्हणाल्या.

बायकोने धावत जाऊन मेन कॉक बंद केला, आणि तिथेच तिच्या डोक्यात लख्ख उजेड पडला. घरी बरणीचं झाकण लावतानासुद्धा तो "रुसायचं नाही हं" म्हणायचा आणि तिथे त्याचा हात थांबायचा. किती आवळायचं ते या माणसाचा हात त्या बोलण्यावरून ओळखायचा. आणि तिने ते बोलणंच चव्हाट्यावर मांडलं होतं. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं. असेच दोन-चार जोड फुटले की कोण बोलावणार होतं त्याला? आणि पाना सोडून दुसरं त्याला येत तरी काय होतं?

"ताई, आधी तो मोबाईल खाली घ्या," ती म्हणाली. आवाज जरा चढलाच. "तुम्ही दोघी बाहेर बसा. भिंतीची टाइल फोडून नवा जोड टाकावा लागेल. झालं की हाक मारते." त्या गेल्या. तिने दार लोटलं, स्वतःचा मोबाईल पिशवीत कोंबला आणि त्याच्याकडे पाठ करून, पलीकडच्या भिंतीकडे तोंड करून उभी राहिली.

"मी बघत नाही. तो व्हिडिओही काढून टाकते. चुकलं माझं."

छिन्नीचे ठोके पडत राहिले, मग फुटके तुकडे गोळा केल्याचा आवाज आला. नवा जोड चिकटला. तो वाळेपर्यंत थांबणं आलं. कॉक लावायची वेळ आली तसा तिचा जीव टांगणीला लागला. याच्या तोंडून आता तरी काही फुटणार का?

"ये रे राजा." आवाज अगदी बारीक. "लागलं का तुला? माझाच हात जड पडला. हां... अजून जरा."

तिने श्वास सोडला.

"हिला सांग, व्हिडिओ राहू दे. त्याच्यामुळे काम आलं. पण इथून पुढे मोबाईल काढायचा तर आधी मला विचारायचं. अजून जरा... आणि रागावलो नाहीये म्हणावं. माझ्यासाठी एवढी धडपड हिच्याशिवाय कोण करणार? हे हिला कधी बोललो नाही रे मी. आता रुसायचं नाही हं."

पाना थांबला. त्याने मेन कॉक उघडून खात्री केली, भिंतीवरून हात फिरवला. एक थेंब नाही.

"झालं," तो बायकोला म्हणाला.

ती भिंतीकडेच तोंड करून उभी होती. पदर डोळ्यांना लावलेला.

"अजून जरा बोला ना त्याच्याशी," ती म्हणाली.