कॅप्टनचे आडनाव

ठाण्यातल्या खोपटच्या रद्दीच्या दुकानात परवा एक जुनी युद्धचित्रकथा हाती आली. कुबट कागदाच्या वासासरशी कल्याणची चाळ आठवली.

त्या मालिकेतला मुखवटाधारी कॅप्टन कोण, हे वर्षानुवर्षे गूढ होते. आमच्या खेळात कॅप्टन नेहमी मिलिंद होई. चाळीतले एकमेव बौद्ध घर त्याचे. अखेर कॅप्टनचा पूर्वेतिहास छापून आला, तेव्हा आमच्यातला वसंत म्हणाला, "आज आडनाव कळेल. मग बघतो, मिल्या कसा कॅप्टन होतो!"

मी मोठ्याने वाचले. कॅप्टन म्हणजे रणभूमीवर सापडलेले, पलटणीने वाढवलेले मूल. आडनाव त्यालाही ठाऊक नव्हते.

मिलिंदने श्वास सोडला. मला तो तेव्हा नुसता आनंद वाटला.

"पलटण, सावधान!" तो ओरडला.

सर्वांत आधी वसंत ताठ उभा राहिला.