ताप इथला, नोंद गावची

मंगळवारी भावाला ताप आला. शुक्रवारी आम्ही त्याला सुरतहून गावी नेलं. बारा दिवसांनी तो गेला.

सुरतच्या पर्वत पाटिया भागातल्या आमच्या गल्लीत बहुतेक घरं खानदेशातली. माणूस आजारी पडला की त्याला गाडीत बसवून गावी न्यायचं, हीच रीत. आई म्हणाली होती, "गावले लई जाऊत, तठे बरा व्हई." मी पुस्तकं वाचणारी, तरी मीच त्याची पिशवी भरली.

परतल्यावर महापालिकेची बाई घरोघर विचारत आली, कोणाला ताप आहे का? आई नाही म्हणाली. ते खरंच होतं. तापाचा माणूस घरात उरलाच नव्हता. मी भावाचं सांगितलं. मृत्यू गावी झाला, नोंद तिकडे, असं ती म्हणाली. तिच्या कागदावर आमच्या गल्लीत एकही रुग्ण नव्हता, मग इथलं पाणी कोण कशाला तपासेल?

त्या दिवसांत मी वाचनालयातून आणलेलं युरोपच्या प्रबोधनकाळावरचं पुस्तक वाचत होते. प्लेगच्या साथींमुळे इटलीतल्या शहरांत आरोग्याचे अधिकारी दारोदार फिरत, कोण कुठल्या घरात कशानं मेलं ते लिहून ठेवत. हेतू काही निर्मळ नव्हता. व्यापार वाचवायचा होता, आणि गरिबांची दारं तर बाहेरून बंद करत. ते वाचून राग आला. पण मेलेला माणूस कुठे आजारी पडला, हे त्या शहरांना माहीत असे. ते पान मी पुन्हा पुन्हा वाचलं.

महिन्याभरात शेजारच्या काकूंच्या मुलीला तसाच ताप आला. काकूंनी पिशवी भरली. मी त्यांच्या दारात उभी राहिले.

"काकू, गावी जा. पण आधी दवाखान्यात तिचं रक्त तपासू. आजार इथला आहे, इथेच लिहिला जाऊ दे."

"शिकेल बाईले ताप बी कागदवर लागस," काकू म्हणाल्या. पण पिशवी खाली ठेवून चपला घातल्या.

टायफॉइड निघाला. पत्त्यात आमची गल्ली लिहिली का, हे मी दोनदा पाहिलं. मग मी प्रत्येक दार वाजवलं. आणखी चार घरांत ताप होता, त्यातल्या एकाचं गावचं तिकीटही काढून झालं होतं. सगळ्यांना मी दवाखान्यात घेऊन गेले. त्याच आठवड्यात महापालिकेनं पाण्याचे नमुने नेले. नळाचा पाइप गटारातून जात होता आणि तिथेच फुटला होता.

मुलगी इथेच बरी झाली. पाइप बदलला. भावाचं नाव मात्र गावच्या दप्तरातच आहे. गल्लीत कोणाला ताप आला, की आता आधी माझं दार वाजतं.