जुबेदाबाईंचा टायपिंगचा प्रोग्राम

माझ्या बायकोला माझं बहुतेक सगळं ठाऊक आहे, हे नाही. आणि सांगण्यासारखं त्यात आहे तरी काय — एका कॉम्प्युटरवरून एक जुना प्रोग्राम गेला, एवढंच. मग इतकी वर्षं ते आठवून थकायला का होतं?

दोन हजार सालानंतरची पाच-सहा वर्षं झाली असतील. चामोर्शीच्या एका वाचनालयात एकुलता एक कॉम्प्युटर होता. त्यात मी विंडोजऐवजी लिनक्स घातलं होतं — फुकट मिळतं म्हणून. भाषणात मात्र मी त्याला 'ज्ञानाचं स्वातंत्र्य' म्हणत असे. त्यावर जुबेदाबाई मराठीत टाइप करायच्या. शिंप्याच्या घरची बाई, नवरा गेलेला, घर त्या नोकरीवर चाललेलं. वाचनालयातल्या सगळ्या पुस्तकांची यादी त्यांनीच त्यात चढवली होती, एका जुन्या मराठी प्रोग्रामात. त्या फाइली दुसऱ्या कशातच उघडत नसत.

मग समारंभ ठरला. पाहुणे येऊन कॉम्प्युटरचं उद्घाटन करणार — कित्येक वर्षं चालू असलेल्या कॉम्प्युटरचं. मला पडद्यावर काहीतरी नवं, चकचकीत हवं होतं. लिनक्सच्या नव्या आवृत्तीच्या सीड्या मागवल्या.

लिनक्समध्ये प्रोग्राम एकमेकांच्या खांद्यावर उभे असतात. कोण कुणाच्या आधारानं चालतं, हे पॅकेज मॅनेजर बघतो. नवी आवृत्ती चढवताना त्यानं मला नीट सांगितलं होतं — एक जुना भाग आता कालबाह्य झालाय, तो काढावा लागेल, आणि त्याच्या आधारावरचे हे प्रोग्रामही जातील. खाली नावं होती. पुढे जाऊ? — यंत्रानं विचारलं होतं हो. मी वाचलं नाही. होकाराचं 'वाय' दाबलं.

दुसऱ्या दिवशी बाईंना प्रोग्राम सापडेना. वाचनालयाच्या अध्यक्षांनी मला बोलावलं. आणि मी — मी म्हणालो, बाईंच्या हातून काहीतरी उडालं असेल.

"भाऊ, मी त काईच नाई केलं," बाई म्हणाल्या.

तुमच्या लक्षात नसेल, मी म्हणालो. त्या माझ्याकडे बघत राहिल्या, मग कीबोर्डकडे.

"दबलं असन मंग माह्याच हातानं. तुमी काऊन खोटं बोलान?"

महिनाभरात त्यांची नोकरी गेली.

इथवर निष्काळजीपणा म्हणा, भित्रेपणा म्हणा. पुढच्याला काय म्हणाल? जुन्या आवृत्तीच्या सीड्या माझ्या कपाटात होत्या. बाईंच्या फाइली जागच्या जागी होत्या. प्रोग्राम परत घालणं हे एका दुपारचं काम. पण तो परत आला असता, तर मुळात गेला कसा, हेही कुणीतरी विचारलं असतं. मी कपाट उघडलं नाही. बाई घरी साड्यांना फॉल-पिको करायला लागल्या. मला ते कळलं होतं. तरी नाही उघडलं.

पुढे कधीतरी चंद्रपूरच्या बसस्टँडवर त्या भेटल्या, लेक सोबत होती. लेकीला त्यांनी माझी ओळख करून दिली — मोठे कॉम्प्युटरवाले भाऊ, यांचं काम आपल्या हातून बिघडलं होतं. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "मनात ठेवू नका भाऊ."

"जाऊ द्या बाई," मी म्हणालो. "होतं असं."

मी त्यांना माफ केलं.