कानमामांची सळई

आमच्या घरात पाइप कुठून कुठे गेलेत हे आम्हाला कधीच कळलं नाही. साठ वर्षांच्या बिल्डिंगमधलं घर, सगळे पाइप भिंतींच्या पोटात, आणि नकाशा कुणाकडेच नाही. कुठे ओल आली की कानमामांना बोलवायचं, एवढंच ठरलेलं. मामा प्लंबर. दोन हात लांब लोखंडी सळई, तिचं एक टोक भिंतीला, दुसरं कानामागच्या हाडाला, आणि डोळे मिटलेले. तेवढा वेळ घरात कुणी शिंकायचंसुद्धा नाही. मग भिंतीवर खडूची फुली. फुलीवर छिन्नी मारली की पाइप नेमका तिथेच गळत असायचा. सासूबाई म्हणायच्या, "एक वेळ डॉक्टर चुकेल, मामा चुकायचे नाहीत."

तर मामा चुकायला लागले. गेल्या वर्षात दोनदा. बाथरूमच्या हिरव्या टाइल्स आता कुठल्याच दुकानात मिळत नाहीत. त्यातल्या सात त्यांनी फोडल्या आणि आतला पाइप कोरडा ठणठणीत निघाला. बोलताना ते माझ्या ओठांकडे बघायचे. मी पाठमोरी होऊन चहा हवा का विचारलं, की "हो, उद्या संपेल काम," म्हणायचे. मला हसू यायचं. खोटं कशाला सांगू, नंतर नंतर मी मुद्दाम पाठमोरी होऊन विचारायचे.

तिसऱ्यांदा ओल आली तेव्हा मी त्यांच्या मुलाला गाठलं. तोही प्लंबर, चाळिशीचा, बापाच्या मागे पिशवी वाहून कंटाळलेला. "ताई, मी सांगून थकलो," तो म्हणाला. "ऐकू येत नाही म्हटलं की अंगावर येतात. एकदा चारचौघांत दाखवून देऊ. तुम्ही सकाळी टाकीचा कॉक तेवढा बंद करून ठेवा."

मी ठेवला. नळ उघडून सगळे पाइप रिकामेही करून घेतले. करायचं तर नीट करावं. शेजारच्या काकूंनाही बोलावलं.

मामा इस्त्रीचा शर्ट घालून आले. सळई पुसली, भिंतीला लावली, डोळे मिटले. पाइपांत पाण्याचा थेंब नव्हता. बऱ्याच वेळाने त्यांचा चेहरा खुलला.

"इथे. चांगलं जोरात वाहतंय," म्हणाले आणि फुली मारली.

काकूंनी तोंडावर हात दाबला.

"बाबा, पाणी बंद आहे," मुलगा म्हणाला.

"हो, इथेच." मामांनी छिन्नी उचलली.

"पाणी बंद आहे!"

"दोनच टाइल्स जातील, ताई."

मग मुलगा त्यांच्या कानाशी तोंड नेऊन ओरडला, "टाकीच बंद आहे! सकाळपासून! ताईंनीच केलीय!" जिन्यातली दारं उघडली. सगळ्या बिल्डिंगने ऐकलं आणि मामांनीही ऐकलं.

त्यांनी नळ फिरवून पाहिला. मग माझ्या ओठांकडे पाहिलं. मी ओठ हलवले नाहीत.

"मग सोडा की आता पाणी," ते म्हणाले. "घरातल्यांच्या अंघोळी खोळंबल्या असतील." फुली त्यांनी बाहीने पुसली आणि गेले. सळई राहिली.

त्यानंतर मामा कुणाच्याच कामाला गेले नाहीत. दिवसभर घरात बसून असतात, नळ वाहत राहिला तरी उठत नाहीत, असं मुलगा सांगतो. सळई नेऊन द्यायची म्हणून मी दाराआड ठेवली होती. आज देऊ, उद्या देऊ. पाणी बंद करताना काही वाटलं नव्हतं, पण ही द्यायला जायची मला लाज वाटली.

परवा आमचा संडास तुंबला. मुलगा आला, वाकून बघितलं आणि म्हणाला, "ताई, लांबशी सळई आहे का एखादी?"

मी दाराआडची काढून दिली. त्याने ओळखली. कानाला लागून लागून गुळगुळीत झालेल्या टोकावरून त्याने अंगठा फिरवला, आणि तेच टोक आत घातलं.

चार ढुसण्यांत मोकळं झालं.

"धुऊन ठेवा," तो म्हणाला. "परत लागेल."

मी धुऊन ठेवली.