खाष्ट सासूची मिरची

यून्श्या कपडे वाळत घालतानाही फोन चिमट्यांच्या टोपलीत उभा करून ठेवायची. एक कपडा झटकला की एकदा फोनकडे नजर. कोणी बघतंय का, कोणी काही विचारलंय का, कोणी बरणी मागवलीय का. माझं पार्सलचं दुकान तिच्या अंगणासमोरच आहे. आमच्या युआनकोउ गावात येणारं-जाणारं प्रत्येक खोकं माझ्या हातून जातं, त्यामुळे तिचा जीव कसा टांगणीला लागलेला असायचा ते मी रोज बघायचे.

तिचा नवरा झोंगलियांग दक्षिणेला कारखान्यात, नव्या वर्षालाच काय तो घरी यायचा. आधी तीही तिकडेच होती. मग एकदा सुट्टीला आली तर पोटची पोर आजीच्या मागे लपली. "काकू, माझ्याच मुलीनं मला 'मावशी' म्हटलं," असं तिनं मला सांगितलं. ती परत गेली नाही. पण गावात राहून करायचं काय? घरात विकण्यासारखी एकच गोष्ट होती, सासूच्या हातची मिरची.

सासू म्हणजे आमच्या तानकाकू. लाल मिरची बारीक चेचून, मीठ, लसूण, आलं घालून, काठाच्या खोबणीत पाणी भरून झाकण हवाबंद करायच्या मातीच्या रांजणात मुरवायच्या. झाकण उघडलं की गल्लीतल्या माणसाला भूक लागायची. यून्श्यानं ती बरण्यांत भरली आणि फोनवर लाइव्ह व्हिडिओ करून विकायला बसली.

पहिले काही महिने काही म्हणजे काही होईना. सुपात लालभडक मिरच्या, मागे नदी, अंगावर ठेवणीतले कपडे, चेहऱ्यावर हसू. बघणारे कोण? मी, तिची बहीण आणि एक माणूस, जो रोज विचारायचा, "लग्न झालंय का?" तिनं छोट्या बाटल्या भरून फुकट वाटल्या. प्रत्येक खोक्यात चिठ्ठी घालायची, 'आधी कोरड्या भाताबरोबर खाऊन बघा.' परमुलखात राहणारी आपल्याकडची काही माणसं दुसऱ्यांदा मागवू लागली. तेवढ्यानं ती फुलायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा मिटायची.

तालुक्याला फोनवरून विक्री शिकवणाऱ्या एका वर्गातही जाऊन आली. तिथल्या चष्मेवाल्या पोरसवदा मास्तरानं सांगितलं, "मिरची सगळ्यांकडे आहे. माणूस तुमच्यापाशी थांबला पाहिजे. पदार्थ विकू नका, गोष्ट विका."

"माझ्याकडे कुठली आलीय गोष्ट?" ती मला विचारत होती.

गोष्ट आली ती ओल्या चमच्यातून. ती लाइव्हवर बोलत होती आणि बोलता बोलता धुतलेला चमचा तसाच रांजणात घातला. तानकाकू मागून आल्या. फोन चालू आहे हे त्यांच्या गावीही नव्हतं.

"ओला चमचा! अगं, वर्षाची मिरची सडवशील! तुझ्या आईनं तुला जेवायला तेवढं शिकवलं का? तुझ्या हातात घर दिलं तर उद्या भिंतींना बुरशी येईल!" तोंडाचा पट्टा थांबेना. यून्श्या मान खाली घालून उभी.

तो तुकडा वाऱ्यासारखा पसरला. 'बिचारी सून', 'किती सोसते', 'तिची मिरची घ्या रे, म्हणजे म्हातारी गप बसेल.' संध्याकाळपर्यंत घरातल्या बरण्या संपल्या आणि मला खोकी ठेवायला जागा उरली नाही.

दुसऱ्या दिवशी यून्श्या सासूपुढे उभी राहिली. "आई, पुन्हा एकदा ओरडाल का?"

"मी काय तमाशातली आहे?"

"थोडंसंच. नुडल्स खारट झाल्या म्हणून ओरडा."

"झाल्यात का खारट?"

"नाही."

"मग ओरडू कशावर?" काकूंनी नाक मुरडलं, पण ओरडल्या. आणि अशा ओरडल्या, की मी दुकानात बसून दचकले.

पुढे त्यांनाच गोडी लागली. सकाळी माझ्या दारात यायच्या. "आज कशावरून झोडपू तिला? झाडू झाला, भात झाला, माहेर झालं." लाइव्ह संपलं की त्याच सुनेच्या वाडग्यात कोंबडीची तंगडी टाकायच्या. "खा. एवढ्या शिव्या खाल्ल्यास, आता कोंबडी खा." दोघी पोट धरून हसायच्या. बरणीवर नावच छापलं, 'खाष्ट सासूची मिरची'.

मी तेव्हा काही बोलले नाही. माझंही दुकान जोरात चाललं होतं.

झोंगलियांगचा मात्र फोन आला. "आई, इथे डबा खायला बसलं की पोरं मला विचारतात, तुझी आई बायकोला जेवू घालते का? मी काय सांगू?"

"सांग, मिरची घ्या म्हणावं!" काकू म्हणाल्या. पण पुढच्या बाजारच्या दिवशी भाजी घेताना एका अनोळखी बाईनं त्यांना ओळखलं आणि सगळ्यांदेखत पायाशी थुंकली. त्या दिवशी काकू कोबी न घेताच परत आल्या.

यून्श्याला त्यातही थांबता येत नव्हतं. कालच्यापेक्षा आज बघणारे कमी असले की घास उतरायचा नाही. जास्त असले तर उद्याची धास्ती. मुलगी शाळेतलं काही सांगायला लागली की ही "हं, हं" करायची आणि अंगठा फोनवर फिरवत राहायची. ज्या पोरीसाठी घरी आली ती पोर पुन्हा आजीच्या खोलीत जाऊन झोपू लागली.

मग एक निरोप आला. 'पावसातली चिमणी' असं नाव लावणाऱ्या, तिकडे आन्हुई प्रांतातल्या एका बाईचा. यून्श्यानं दुकानात येऊन फोन माझ्यापुढे धरला.

'ताई, माझी सासू मला टेबलाशी बसून जेवू देत नाही. नवरा हात उचलतो. वसंतात मी माहेरी निघून जाणार होते, पिशवीही भरली होती. मग तुम्हाला पाहिलं. एवढं ऐकून तुम्ही हसत मिरची विकता. म्हटलं, त्यांना जमतं तर मलाही जमेल. पिशवी रिकामी केली. रोज तुम्हाला बघते आणि सोसते.'

"काकू, मी काय करून बसले?" यून्श्या म्हणाली. ती दुकानात येरझारा घालत होती. खोक्यांना धडकत होती तरी तिला कळत नव्हतं.

तेवढ्यात तानकाकू तिला शोधत आल्या. त्यांना वाचता येत नाही. मी निरोप वाचून दाखवला. त्या खोक्यावर टेकल्या.

मग सुनेला म्हणाल्या, "मी जे ओरडते ते शब्द मला सुचतात असं वाटतं तुला? माझ्या सासूचे आहेत ते. भिंतींना बुरशी येईल, हेसुद्धा. मला एकेक शब्द पाठ आहे. तुझ्यापुढे म्हणताना हसू यायचं. वाटायचं, चला, निदान आता त्यांचे पैसे तरी होतायत." त्यांनी पदराशी चाळा करावा तसा गळपट्टा पिळला. "लाव तिला फोन."

फोन लागला. पलीकडून दबका आवाज आला. मागे कोणीतरी भांडी आदळत होतं.

"मी मिरचीवाली," यून्श्या म्हणाली. "तुम्हाला एक सांगायचंय. ते सगळं खोटं आहे. एक ओला चमचा सोडला तर आई मला कधी टाकून बोलत नाहीत. आम्ही विक्रीसाठी करतो. तुम्ही माझ्याकडे बघून सोसू नका. माझ्या वाट्याला सोसायला काही नाहीच."

"म्हणजे मी एकटीच?" ती बाई म्हणाली आणि फोन ठेवला.

यून्श्यानं पुन्हा लावला. मग निरोप पाठवला, मग दुसऱ्या नंबरवरून पाठवला. त्या बाईनं तिला ब्लॉक करून टाकलं होतं.

दुसऱ्या दिवशी लाइव्हच्या वेळेला तानकाकू सुनेला बाजूला सारून स्वतः फोनसमोर बसल्या. केस नीट चापून बसवलेले. "मी हिची सासू. ही चांगली पोरगी आहे. मी ओरडायचे ते नाटक होतं. ज्यांच्या घरात खरं चालतं त्या पोरींनी ऐका, हे सोसण्यात काही मोठेपणा नाही. मी वीस-बावीस वर्षं सोसलं, कोणी मला बक्षीस दिलं नाही. ज्याला मिरची हवी त्यानं घ्या. झणझणीत आहे, एवढं मात्र खरं."

लोक खवळले. 'फसवलंत', 'दोघी सारख्याच लबाड.' परत आलेली खोकी माझ्या दुकानात छतापर्यंत चढली. त्या चष्मेवाल्या मास्तरानं फोन करून विचारलं, "अहो, चाललेलं दुकान कोणी स्वतः मोडतं का?" यून्श्या त्याच्याशी नीट बोलली, फोन ठेवला आणि बरण्यांवरची नावं ओल्या फडक्यानं खरवडत बसली. मुलगी शेजारी येऊन बसली आणि दुसरं फडकं घेऊन तीही खरवडू लागली.

धंदा बसला, पण मेला नाही. सुरुवातीला कोरड्या भाताबरोबर खाऊन बघणारी माणसं टिकली होती. त्यांच्यातल्या एकाचं शहरात जेवणाचं छोटं दुकान होतं. त्यानं मोठे डबे मागवायला सुरुवात केली, मग त्याच्या ओळखीच्यांनी. यून्श्या आता रांजण कसा भरायचा, काठातलं पाणी कधी बदलायचं, ते दाखवते. बघणारे मोजकेच असतात, पण विचारतात ते मिरचीबद्दल. प्रत्येक वेळी सुरुवातीला ती एकच वाक्य म्हणते, "घरात कोणी छळत असेल तर कोणाला तरी सांगा, गप्प बसू नका." कोणी हसतं, कोणी निघून जातं. नव्या वर्षाला झोंगलियांग आला, आईच्या हातचं पोटभर जेवला आणि पुन्हा दक्षिणेला गेला. लगेच नोकरी सोडून येण्याइतका धंदा अजून नाही.

यून्श्या अजूनही स्वस्थ नसते. फक्त घोर बदललाय. आन्हुईची मागणी आली की ते खोकं ती स्वतः घेऊन येते आणि मला म्हणते, "काकू, नाव वाचा ना." मी वाचते. कधी पुरुषाचं असतं, कधी कुठल्याशा कचेरीचं. ती बाई कुठल्या नावानं मागवेल, मुळात मागवेल का, हे आम्हा दोघींनाही माहीत नाही. परवाही आन्हुईला जायचं एक खोकं होतं. तेवढ्यात तानकाकू आल्या, मी चिकटपट्टी लावलेलं खोकं त्यांनी पुन्हा उघडायला लावलं आणि धुरी दिलेल्या मुळ्याची एक पुडी आत कोंबली.

"कोणाला पाठवताय, माहीत तरी आहे का?" मी विचारलं.

"नाही," त्या म्हणाल्या. "तू लाव पट्टी. पार्सलची गाडी निघून जाईल."